गाभडलेल्या गाईची नोंद कोण ठेवणार?

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली की गोठ्यात पुढच्या गोष्टी ठरल्यासारख्या घडतात. मेलेले वासरू उकिरड्यावर किंवा नाल्याच्या काठाला टाकले जाते आणि रात्री कुत्री ते ओढून नेतात. वार अडकली असेल तर घरातले कोणीतरी ती हाताने ओढून काढते. सकाळी घरातली बाई गोठा झाडते, धुते. कोणी नजर लागली म्हणते, कोणी म्हणते चाऱ्यात काहीतरी आले. मग गाय पुन्हा माजावर येण्याची वाट पाहायची. ती भरवायची, उलटली की पुन्हा भरवायची. दोन-तीन वेळा उलटली की तिला बाजार दाखवायचा.

या सगळ्यात बहुतेक वेळा कोणत्याही वहीत एक ओळही लिहिली जात नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात नाही, ग्रामपंचायतीत नाही, दूध संकलन केंद्रावर तर नाहीच. आणि महिना-दीड महिन्याने त्याच घरातल्या कोणाला संध्याकाळी ताप भरू लागला, रात्री अंथरूण घामाने भिजू लागले, कंबर आणि सांधे धरले, तर त्या तापाचा आणि त्या गाईचा संबंध जोडणारेही कोणी नसते.

सेनगाव तालुक्यातील साखरा हे हिंगोली जिल्ह्यातले गाव डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहितो आहे. साखऱ्यात काही वेगळे घडते म्हणून नव्हे. मराठवाड्यातल्या शेकडो गावांत गोठ्याची जी रीत आहे, तीच इथेही आहे. सोयाबीन, तूर, हळद ही पिके आणि जोडीला दावणीला दोन-चार जनावरे. एखादी लाल कंधारी किंवा गावरान गाय, एखादी संकरित, एखादी म्हैस. पीक हातचे गेले तरी दुधाचे पैसे येतात, म्हणून ही दावण महत्त्वाची. तिच्या प्रजननाचा प्रश्न हा फक्त पशुवैद्यकाचा प्रश्न नाही. तो घराच्या हिशेबाचा आहे आणि घरातल्या माणसांच्या तब्येतीचाही आहे. माझे म्हणणे एवढेच, की गाय गाभडणे ही घटना आपण ‘नशीब’ या खात्यातून काढून ‘सार्वजनिक आरोग्य’ या खात्यात टाकली पाहिजे.

जुना जंतू, जुनी ओळख

गाई-म्हशी गाभडण्याची कारणे अनेक असतात. पण गाभण काळाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भपात, त्यानंतर वार न पडणे आणि एकाच गोठ्यात किंवा वस्तीवर असे पाठोपाठ घडणे, हे तिन्ही एकत्र दिसले की पहिला संशय ब्रुसेलोसिसचा घ्यावा लागतो. मराठीत याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात.

या जंतूचा शोध आधी माणसात लागला. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक लांबलेल्या तापाने आजारी पडत, काही दगावत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मृत सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांना गाभडलेल्या गाईंमध्ये एक जंतू सापडला. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांनी दाखवले, की वरून ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्या हा ताप अंगात बाळगून असतात आणि तो त्यांच्या दुधातून सैनिकांना होतो. सैन्याने शेळीचे कच्चे दूध बंद केले आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. ब्रूस यांचा जंतू आणि बँग यांचा जंतू एकाच कुळातले आहेत, हे अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये मांडले. म्हणजे गोठा आणि घर यांना जोडणारा हा धागा शंभर वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. आपल्या गावात तो अजून पोहोचलेला नाही, एवढेच.

जनावर शेवटच्या तिमाहीतच का गाभडते, याचेही उत्तर सापडलेले आहे. गाभण गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो. ब्रुसेलाला तो फार मानवतो. गाभ वाढत जातो तसा जंतू वारेत बेसुमार वाढतो, वार सुजते, वासराचे पोषण तुटते आणि गाभ पडतो. त्या वारेत, गर्भजलात आणि नंतरच्या स्रावात अब्जावधी जंतू असतात. दुसऱ्या गाईने तो स्राव चाटला, त्याने माखलेला चारा खाल्ला, तेच पाणी प्यायली, की तिला लागण होते. उन्हात हा जंतू फार तग धरत नाही. पण ओल्या, सावलीच्या, शेणामुताच्या जागेत तो आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही टिकतो. पावसाळ्यातला आपला गोठा त्याला सोयीचाच.

या रोगाचे एक फसवे लक्षण आहे. बऱ्याच गाई एकदाच गाभडतात. पुढच्या वेळी त्या दिवस पूर्ण भरून व्यायतात. मालकाला वाटते, संकट टळले. प्रत्यक्षात जंतू तिच्या कासेत आणि लसिका ग्रंथींत मुक्काम करून असतो आणि प्रत्येक वेताच्या वेळी स्रावातून, दुधातून बाहेर पडत राहतो. गाय धडधाकट दिसते, चारा खाते, दूध देते. तिच्याकडे बघून कोणालाही काही कळत नाही.

धोका चुलीपाशी कमी, गोठ्यात जास्त

ब्रुसेलोसिस म्हटले की कच्च्या दुधाचा इशारा दिला जातो. तो बरोबरच आहे. ‘धारोष्ण दूध’ अमृतासारखे असते ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे आणि ती सोडायला हवी. धार काढता काढता मुलाच्या तोंडात दुधाची चिळकांडी सोडणे हे कौतुक म्हणून कितीही गोड असले, तरी त्यात जोखीम आहे. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्या स्वयंपाकघरात दूध आले की आधी तापवले जाते. दही लावायचे ते तापवलेल्या दुधाचे, खरवस करायचा तो उकडून, चहा तर उकळूनच. नीट उकळी आली की ब्रुसेला मरतो. त्यामुळे दूध विकत घेऊन तापवून पिणाऱ्या शहरी वाचकाने घाबरून जायचे कारण नाही.

आपल्याकडे खरा धोका जनावराला हात लावणाऱ्यांना आहे. हातावरची बारीक चीर, डोळ्यात उडालेला थेंब, गोठा झाडताना नाकात गेलेले तुषार, एवढे या जंतूला पुरते. गाय अडली की हात घालणारा, वार ओढणारा, वासराच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढणारा, हे सगळे त्याच्या टप्प्यात येतात. पशुवैद्यक आणि पशुधन पर्यवेक्षक यांना तर हा व्यवसायाचाच रोग म्हणून जगभर ओळखला जातो.

आणि शेण काढणे, गोठा धुणे, ओला चारा-पाणी बघणे ही कामे घरात कोण करते? बहुतेक घरांत बाई. जनावर तिच्या नावावर नसते, दुधाच्या पैशांची चिठ्ठी तिच्या नावाने निघत नाही आणि पशुसंवर्धनाच्या शिबिराला बोलावणे घरातल्या पुरुषाला येते. ज्यांचे हात रोज गोठ्यात असतात त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचत नसेल, तर ती माहिती असून नसल्यासारखी आहे. गरोदर बाईने तर गाभडलेल्या जनावराच्या जवळही जाऊ नये, कारण या संसर्गाने तिचाही गर्भ पडू शकतो. ही एक सूचना आशाताईंच्या तोंडून घरोघरी गेली तरी मोठे काम होईल.

ताप उतरत का नाही?

माणसात ब्रुसेलोसिस सुरुवातीला अगदी सामान्य तापासारखा दिसतो. लागण झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ताप येतो. तो चढतो, उतरतो, पुन्हा येतो. घाम, थकवा, भूक मंदावणे, पाठ आणि मोठे सांधे दुखणे ही साथीला. पुरुषांमध्ये वृषणाला सूज येऊ शकते. उपचार न मिळाल्यास मणक्यात, सांध्यात आणि क्वचित हृदयाच्या झडपेतही जंतू ठाण मांडतो.

खेड्यात अशा तापाचा प्रवास ठरलेला आहे. आधी मलेरियाची गोळी, मग टायफॉइडची तपासणी, मग पाच दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स आणि दोन सलाइन. थोडे बरे वाटते, ताप परत येतो, डॉक्टर बदलला जातो. ब्रुसेला पेशींच्या आत लपून राहणारा जंतू असल्याने पाच-सात दिवसांच्या औषधाने तो हटत नाही. त्याला दोन प्रतिजैविके मिळून, साधारण सहा आठवडे द्यावी लागतात. औषधे महाग वा दुर्मीळ नाहीत. अडचण निदानाची आहे आणि निदानाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते: ‘घरी जनावरे आहेत का? गेल्या काही महिन्यांत त्यातले एखादे गाभडले का?’

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या केसपेपरवर तंबाखूचा प्रश्न असतो, मधुमेहाचा असतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त लांबलेल्या तापाच्या प्रत्येक रुग्णाला हा एक प्रश्न विचारला आणि उत्तर ‘हो’ आले की रक्त ब्रुसेलाच्या तपासणीला पाठवले, तर किती माणसांची फरपट वाचेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

दरवेळी ब्रुसेलाच असतो असे नाही

इथे एक सावधगिरीही हवी. प्रत्येक गाभडणे म्हणजे ब्रुसेलोसिस नव्हे आणि प्रत्येक उलटणारी गाय रोगट नव्हे. लेप्टोस्पायरोसिस, संसर्गजन्य नासिका-श्वासनलिकादाह, बुरशी आलेला चारा, जबर मार, कडक ऊन, कोणताही तीव्र ताप, या सगळ्यांनी गाभ पडू शकतो. गावात फिरणाऱ्या एकाच वळूकडून सगळ्या गाई फळवल्या तर ट्रायकोमोनियासिस आणि कॅम्पिलोबॅक्टरचे संसर्ग पसरतात. त्यात गाभ लवकर पडतो, मालकाला तो दिसतही नाही, दिसते ते फक्त गाय वारंवार उलटणे. मान्यताप्राप्त गोठित रेत केंद्रांतील वळूंची या रोगांसाठी नियमित तपासणी होते. कृत्रिम रेतनाचा हा फायदा आपण फारसा सांगत नाही. आपण फक्त ‘जास्त दुधाची जात’ एवढेच सांगतो.

पुष्कळ वेळा कारण गव्हाणीत असते. ज्वारीचे क्षेत्र घटले तसा मराठवाड्यात कडबा कमी झाला. त्याची जागा सोयाबीनच्या भुसकटाने घेतली. ते पोट भरते, पण त्यावरच ठेवलेल्या गाईला ऊर्जा आणि खनिजे पुरत नाहीत आणि ती माजावरच येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात म्हशीचा माज ‘मुका’ होतो. ओरडणे नाही, तळमळ नाही, फक्त पहाटे बारकाईने पाहिले तर सोट दिसतो. गाईचा माज जेमतेम बारा ते अठरा तासांचा आणि तो टळला की पुढची संधी एकवीस दिवसांनी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा जुना नियम अजूनही उपयोगी आहे. पण रेतन करणारा माणूस त्या वेळेत पोहोचला पाहिजे. दहा-बारा गावांना मिळून एक कर्मचारी असेल तर नियम कागदावरच राहतो.

एवढ्या शक्यता असताना ‘हा ब्रुसेला की दुसरे काही’ हे अंदाजाने ठरवता येत नाही, तपासणीनेच ठरते. रक्तातील पाणी आणि रंगीत द्रावण काचपट्टीवर मिसळून काही मिनिटांत करायची रोझ बेंगाल चाचणी स्वस्त आहे. दुधावर करायची ‘मिल्क रिंग’ चाचणी तर संकलन केंद्रावरच्या कॅनमधल्या एकत्र दुधावरही करता येते आणि त्यातून कुठल्या वस्तीवर लक्ष द्यायचे हे कळते. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, पुण्यात औंधला विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे. नमुना तपासायची सोय आहे. नमुना काढण्याची सवय नाही, कारण गाय गाभडल्याची खबरच कोणी देत नाही.

लस आहे, पण तिची वेळ चुकते

ब्रुसेलोसिसवर माणसासाठी लस नाही, जनावरांसाठी आहे. तिचे नाव एस-१९. तिचा जन्म काहीसा अपघातानेच झाला. १९२३ मध्ये अमेरिकेत जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून हा जंतू वेगळा केला होता. तो प्रयोगशाळेत वर्षभराहून अधिक काळ साध्या तापमानाला पडून राहिला आणि नंतर तपासला तेव्हा त्याची रोग करण्याची ताकद बरीच उतरलेली आढळली. त्याच वाणापासून लस तयार झाली आणि अनेक देशांनी तिच्या आधाराने हा रोग आटोक्यात आणला.

ही लस चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना आणि वगारींना आयुष्यात एकदाच द्यायची असते. गोऱ्ह्यांना नाही, गाभण जनावरांना नाही. वयाची मर्यादा ठेवण्यामागे कारण आहे. लस जिवंत जंतूंची आहे, मोठ्या गाभण गाईला दिल्यास ती गाभडू शकते. शिवाय मोठेपणी लस दिली तर रक्तातील प्रतिपिंडे बराच काळ टिकून राहतात आणि चाचणीत लसवंत गाय कोणती, रोगी कोणती हे ओळखणे अवघड होते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ मे २०१९ रोजी लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी पाच वर्षांचा १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत पंतप्रधानांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. देशभरात दरवर्षी ३ कोटी ६० लाख मादी वासरांना ब्रुसेलाची लस द्यायची आणि २०३० पर्यंत दोन्ही रोग देशातून घालवायचे, असे उद्दिष्ट ठरले. योजना चांगली आहे, पैसा केंद्राचा आहे. अडचण त्या चार महिन्यांच्या खिडकीत आहे. लाळ्या-खुरकूतची लस ठरावीक फेरीत गावातल्या सगळ्या जनावरांना देता येते. ब्रुसेलाची लस मात्र प्रत्येक वासराच्या जन्मतारखेवर अवलंबून आहे. लसीकरणाची फेरी आली तेव्हा कालवड तीन महिन्यांची होती, पुढची फेरी आली तेव्हा नऊ महिन्यांची झाली, की ती आयुष्यभरासाठी सुटली. मालकाला सुटल्याचे कळतही नाही, कारण अशी लस असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

त्यात आणखी एक गोष्ट. चार महिन्यांच्या कालवडीची किंमत आज काहीच नसते. ती दूध देत नाही, ओझे ओढत नाही. तिला लस टोचायची ती दोन-अडीच वर्षांनंतरच्या गाभासाठी. शेतकऱ्याला हे पटवायचे तर हिशेब मांडून दाखवावा लागेल. हिशेबापुरते धरू, की गाय दिवसाला सरासरी पाच लिटर दूध अडीचशे दिवस देते आणि लिटरला पस्तीस रुपये मिळतात. एका वेताचे ४३,७५० रुपये झाले. एकदा गाभडली की यातला मोठा हिस्सा गेला, वासरू गेले आणि पुन्हा गाभण राहीपर्यंतचा चारा अंगावर पडला. लस सरकारी कार्यक्रमात फुकट आहे.

लम्पीने दाखवलेला रस्ता

यंत्रणेला हे झेपणारच नाही, असे म्हणणाऱ्यांनी २०२२ आठवावे. लम्पी चर्मरोग राज्यभर पसरला तेव्हा महाराष्ट्राने काही आठवड्यांत कोट्यवधी जनावरांना लस टोचली. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबवली गेली. दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर झाली. गावागावांत ग्रामपंचायतींनी गोठ्यांत फवारणी केली, तरुण मुलांनी जनावरे धरून दिली. मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे तेव्हा दिसले.

लम्पीच्या गाठी डोळ्यांना दिसत होत्या. ब्रुसेलाला गाठी नाहीत. जनावर मरत नाही, फक्त गाभ पडतो. त्यामुळे बातमी होत नाही, मोर्चा निघत नाही, पालकमंत्री विचारत नाहीत. पण लम्पी माणसाला होत नव्हता, ब्रुसेलोसिस होतो. प्राधान्य ठरवताना एवढा फरक तरी लक्षात घ्यायला हवा.

बाजारात न विचारला जाणारा प्रश्न

जनावराची पारख करण्यात आपला शेतकरी कोणाला हार जाणार नाही. माळेगावच्या यात्रेत पाहा. दात पाहतील, कास दाबून पाहतील, खूर, शिंगे, वशिंड, अंगावरचे भोवरे, चाल, सगळे पाहतील. ‘ही कधी गाभडली होती का?’ हे मात्र कोणी विचारत नाही आणि विचारले तरी खरे उत्तर मिळेल याची खात्री नाही. गाभडलेली, उलटणारी गाय ही बाजारात येणाऱ्या जनावरांतली नेहमीची पाहुणी. ती एका गावातून दुसऱ्या गावात जाते आणि तिच्याबरोबर जंतूही जातो. सेनगाव तालुका एका अंगाने वाशिमच्या रिसोडला आणि दुसऱ्या अंगाने परभणीच्या जिंतूरला लागून आहे. जनावरे जिल्ह्याची हद्द पाहून विकली जात नाहीत.

विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याने काय करावे? काही देशांनी तपासणीत सापडलेले प्रत्येक जनावर मारून, मालकाला भरपाई देऊन हा रोग संपवला. अमेरिकेत असा कार्यक्रम १९३४ मध्येच सुरू झाला. आपल्याकडे गाईच्या बाबतीत तो मार्ग कायद्याने बंद आहे आणि शेतकऱ्याच्या मनालाही तो पटणारा नाही. मग रोगी ठरलेल्या गाईचे करायचे काय, याचे उत्तर शासनाने द्यायला हवे. ते न देता ‘खबर द्या’ म्हटले तर कोणी खबर देणार नाही. गाय रोगी निघाली म्हणजे दूध कोणी घेणार नाही, गिऱ्हाईक मिळणार नाही, शेजारी जनावरे दूर बांधतील. अशा वेळी गप्प बसून बाजार गाठणे हाच मालकाला शहाणपणा वाटतो.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणासाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. ब्रुसेलोसिस त्याच्या अनुसूचीत आहे. अशा रोगाची शंका आल्यास मालकाने गावपातळीवर खबर द्यावी आणि जनावर वेगळे बांधावे, असे हा कायदा सांगतो. कायदा कर्तव्य सांगतो, पण कर्तव्य करणाऱ्याच्या मागे कोणी उभे राहत नाही. हा दोष दूर केल्याशिवाय २०३० चे उद्दिष्ट गाठता येणार नाही.

करता येण्याजोगे पाच उपाय

पहिला, ग्रामपंचायतीत वासरांची जन्मनोंद. मुलांच्या लसीकरणाची यादी अंगणवाडीत असते, तशी गावात जन्मलेल्या कालवडी-वगारींची यादी महिन्याच्या महिन्याला लिहायची आणि पाच-सहा महिन्यांच्या झालेल्यांची नावे दवाखान्याला द्यायची. साखऱ्यासारख्या गावात हे एका वहीचे काम आहे. लसीची फेरी कालवडीच्या वयाप्रमाणे आली पाहिजे, कालवडीने फेरीची वाट पाहायची नाही.

दुसरा, कानातल्या बिल्ल्याचा खरा वापर. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. त्या बारा आकड्यांमागे ब्रुसेलाची लस दिल्याची तारीख आणि गर्भपाताची नोंद असली आणि बाजारात गिऱ्हाइकाला ती मोबाइलवर पाहता आली, तर लसवंत कालवडीला दोन पैसे जास्त मिळतील. दोन पैसे जास्त मिळतात म्हटल्यावर लस द्या म्हणून सांगावे लागणार नाही.

तिसरा, पाच महिन्यांनंतरच्या प्रत्येक गर्भपाताचा मोफत नमुना. फोन केल्यावर माणूस यावा, हातमोजे आणि चुना घेऊन यावा, रक्त घ्यावे, निकाल मालकाला कळवावा. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहेच. त्यावर ‘गाय गाभडली’ ही तक्रार तातडीची मानावी.

चौथा, रोगी निघालेल्या जनावराच्या मालकाला आधार. लम्पीत मेलेल्या गाईला मदत देता आली, तर वेगळ्या बांधून ठेवलेल्या, बाजारात न नेलेल्या गाईच्या चाऱ्यासाठी काही रक्कम देता येईल. ही भीक नव्हे. त्याने बाजार न गाठल्यामुळे दहा गोठे वाचतात, त्याचे ते मोल आहे.

पाचवा, दोन दवाखान्यांचे बोलणे. पशुवैद्यकाला एका वस्तीवर ब्रुसेला सापडला की प्राथमिक आरोग्य केंद्राला निरोप जावा. डॉक्टरला माणसात सापडला की पशुवैद्यकाला जावा. ‘एक आरोग्य’ हा शब्द परिषदांमध्ये पुष्कळ ऐकू येतो. तालुक्याच्या पातळीवर त्याचा अर्थ एवढाच, की या दोघांकडे एकमेकांचे मोबाइल नंबर असावेत आणि ते लावले जावेत.

शासन हे करेल तेव्हा करेल. गोठ्यात आजपासून करण्यासारखे काही आहे. गाभडलेल्या जनावराला उघड्या हाताने हात लावू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातात घाला, तोंडाला रुमाल बांधा. अडकलेली वार ओढू नका, पशुवैद्यकाला बोलवा. मेलेले वासरू आणि वार चार-पाच फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा, उकिरड्यावर टाकू नका. जागेवर चुना किंवा जंतुनाशक टाका आणि तिथे ऊन येऊ द्या. त्या गाईला स्राव थांबेपर्यंत इतर जनावरांपासून दूर बांधा. दूध उकळूनच वापरा. आणि पुढच्या काही महिन्यांत घरात कोणाला लांबलेला ताप आला तर डॉक्टरने विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा: ‘आमची गाय गाभडली होती.’

या एका वाक्याने निदान होऊ शकते, सहा आठवड्यांच्या औषधाने माणूस बरा होऊ शकतो आणि एका कालवडीला वेळेवर टोचलेल्या लसीने मुळात ही वेळच टळू शकते. साखऱ्याच्या, सेनगावच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर रस्ता, नळ आणि घरकुल असेलच. त्याखाली एक विषय आणखी लिहावा: गावात या वर्षी किती कालवडी जन्मल्या आणि त्यांतल्या किती जणींना लस मिळाली?